प्रश्न तुमचे : पाण्याच्या आदल्या संध्याकाळी दुखणारी कंबर

गेल्या अंकात दीर्घकाळच्या वेदनेविषयी लिहिताना मी असे म्हटले होते की, तपासण्यांत गंभीर काही न सापडताही महिनोन्महिने टिकून राहणारी वेदना पुष्कळदा त्या अवयवातील इजेमुळे नव्हे, तर मज्जासंस्थेच्या अतिसावधपणामुळे चालू राहते आणि योग्य मार्गाने ती कमीही होते. त्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत ‘हे खरे आहे का’ असे विचारणारे फार थोडे निघाले. बहुतेकांची तक्रार वेगळीच आहे : कमी होत होते, मग काल पुन्हा का दुखले? म्हणून या वेळचे सदर केवळ या चढउतारांसाठी ठेवले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात शिलाई मशीनवर काम करते. चार वर्षांपूर्वी कंबर धरली, एमआरआयमध्ये ‘गादी सरकली आहे’ असे निघाले आणि तेव्हापासून पट्टा, गोळ्या, शेक, खाली बसणे बंद, वाकणे बंद असे सगळे चालू होते. गेल्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी नीट तपासून सांगितले की पायांतली ताकद पूर्ण आहे, नस दबलेली नाही आणि आता दुखण्यापेक्षा दुखण्याची भीती मोठी झाली आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू पट्टा सोडला, चालू लागले, दिवाळीचा फराळ खाली बसून केला. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्यासाठी (सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहासाठी) तीन तास गर्दीत उभी राहिले, तरी काही झाले नाही. त्यानंतर चार दिवसांनी, रविवारी, घरी काहीच काम नसताना कंबर अशी आखडली की अंथरुणातून उठवेना. दोन दिवसांनी उतरले. मग आठ दिवस चांगले आणि पुन्हा एक वाईट. आमच्या भागात चार-पाच दिवसांनी पाणी येते आणि पाणी यायच्या आदल्या संध्याकाळी माझी कंबर हमखास दुखते, हे माझ्या मुलीने लक्षात आणून दिले. सहा महिने केलेले सगळे पाण्यात गेले असे वाटते. मी बरी होते आहे, की स्वतःची फसवणूक करून घेते आहे?

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची ओळ तुमच्या मुलीची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. हंडे आणि बादल्या उचलल्याने मणक्यांमधल्या गादीला इजा होऊन कंबर दुखत असती, तर ती पाणी भरून झाल्यावर दुखायला हवी होती. तुमची कंबर मात्र एकही हंडा उचलण्यापूर्वी, उद्या नळ किती वाजता येईल, पहाटे उठावे लागेल का, पिंप भरेपर्यंत दाब टिकेल का, या विचारांबरोबर दुखू लागते. न उचललेल्या हंड्याने गादी सरकत नाही. मेंदू शरीराकडून येणाऱ्या संदेशांची नुसती नोंद घेत बसत नाही. मागच्या अनुभवांवरून पुढे काय होणार याचा अंदाज बांधून तो आधीच बंदोबस्त करतो, स्नायू आवळून धरतो आणि जिथे एकदा धोका मानला गेला तिथे वेदनेचा पहारा बसवतो. चार वर्षे ‘वाकू नका, उचलू नका’ हेच ऐकत आलेल्या मेंदूने पाण्याच्या दिवसाची गणना धोक्यात केली असेल, तर त्यात नवल नाही.

याचा अर्थ तुमची वेदना खोटी किंवा मनाची आहे असा मुळीच नाही, आणि घरात कोणी तसे म्हणत असेल तर त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची १९७९ सालची व्याख्या २०२० मध्ये सुधारली. या सुधारित व्याख्येप्रमाणे वेदना हा ऊतींना झालेल्या किंवा होऊ शकणाऱ्या इजेशी निगडित, अथवा तशा इजेच्या वेळी येतो त्यासारखा, अप्रिय संवेदनेचा आणि भावनेचा अनुभव आहे. ‘त्यासारखा’ या शब्दात तुमच्यासारख्या असंख्य रुग्णांची बाजू घेतली गेली आहे, कारण इजा दाखवता आली नाही तरी वेदना ही वेदनाच असते, हे त्यातून मान्य झाले. जिथे इजेचा किंवा मज्जातंतूच्या आजाराचा स्पष्ट पुरावा नसतो, पण वेदनेची यंत्रणाच बदललेली दिसते, अशा वेदनेसाठी त्याच संघटनेने २०१७ मध्ये ‘नॉसिप्लास्टिक’ हा स्वतंत्र शब्दही स्वीकारला. ‘सरकलेल्या गादी’विषयी एवढेच सांगतो की, कंबर न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एक एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात चाळिशीतल्या जवळपास निम्म्या लोकांत गादी फुगलेली आढळली. गादीमुळे कधीच दुखत नाही असे यावरून ठरत नाही, परंतु अहवालातले ते वाक्य म्हणजे जन्मठेप नव्हे, एवढे निश्चित ठरते.

आता यात्रेचा दिवस आणि रविवार. तीन तास उभे राहूनही दुखले नाही आणि बसून राहिल्यावर दुखले, ही तुम्हाला विसंगती वाटते. मला ती तुमच्या डॉक्टरांच्या निदानाला दुजोरा देणारी वाटते. त्या दिवशी सोहळा होतो त्या संमती कट्ट्याकडे लागलेले डोळे, नंदीध्वज, पांढऱ्या कपड्यांतला तो जनसागर आणि बरोबर आलेली माणसे, यांत मेंदूला कंबरेची चौकशी करायला सवड नव्हती आणि धोक्याची जाणीवही नव्हती. रविवारी ती सवड मिळाली. त्याआधीच्या आठवड्यात झोप कमी झाली असेल, सणाची दगदग अंगात असेल, या वयात पाळी अनियमित होऊ लागते त्याचाही परिणाम असेल. एका रात्रीची झोप बिघडली तरी दुसऱ्या दिवशी वेदनेची संवेदनशीलता वाढते, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. परंतु यांपैकी नेमके काय घडले, हे शोधत बसू नका असे मी सुचवीन. बरे होत असलेल्या माणसाचा निम्मा दिवस या पंचनाम्यात जातो आणि हाती काही लागत नाही.

जुने दुखणे उतरल्यावरही परत का डोकावते, याचे मला पटलेले स्पष्टीकरण वेदनेच्या नव्हे, तर कुत्र्यांच्या लाळेच्या अभ्यासातून आलेले आहे. पचनसंस्थेवरील कामासाठी १९०४ मध्ये नोबेल मिळालेल्या रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांनी एखाद्या ठरावीक खुणेनंतर कुत्र्यांना अन्न देऊन अशी सवय लावली की नुसत्या खुणेनेही त्यांना लाळ सुटावी. पुढे त्यांनी तीच खूण पुन्हा पुन्हा केली, पण अन्न दिले नाही, तेव्हा लाळ कमी होत होत थांबली. सवय मोडली असे कोणालाही वाटले असते. परंतु थोडा काळ मध्ये जाऊ देऊन तीच खूण केली, तेव्हा लाळ पुन्हा आली. पहिल्यापेक्षा कमी, तरी आली. शिकलेली गोष्ट मेंदूतून पुसली जात नाही, तिच्यावर नव्या शिकण्याचा थर चढतो आणि मधूनमधून जुना थर वर येतो, असा त्याचा अर्थ पुढच्या संशोधकांनी लावला. वेदनेची शिकलेली वाटही अशीच वागते. चांगले आठ दिवस गेल्यावर जुनी कळ उमटली, म्हणजे नवे शिकणे वाहून गेले असे नाही, आणि ती परत आल्यावर पूर्वीसारखी भीती तिच्या मदतीला धावली नाही तर दर वेळी ती लवकर विरते. तुमच्या पत्रात ‘दोन दिवसांनी उतरले’ असे तीनच शब्द आहेत. पट्ट्याच्या दिवसांत असा झटका किती दिवस चालत असे, ते तुम्ही लिहिलेले नाही. ते एकदा आठवून बघा.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात दीर्घकाळच्या पाठदुखीवर झालेला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास हल्ली रुग्णच मला मोबाइलवर दाखवतात. त्यात १५१ जणांचे तीन गट केले होते. वेदना धोकादायक नाही हे शिकवणारी मानसोपचाराची पद्धत चार आठवडे घेतलेल्या गटातले ६६ टक्के लोक उपचारानंतर वेदनामुक्त किंवा जवळजवळ वेदनामुक्त झाले, तर बिनऔषधी इंजेक्शन दिलेल्या गटात हे प्रमाण २० टक्के आणि नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्यांत १० टक्के होते. निष्कर्ष आशादायक आहे, पण त्यातून लोकांनी ‘चार आठवड्यांत सरळ रेषेत बरे व्हायचे असते’ असा धडा घेतला आहे आणि त्याने नुकसानच जास्त केले. चार आठवड्यांनंतर मोजलेल्या सरासरीतून मधला एखादा मंगळवार कसा गेला ते कळत नाही.

वाईट दिवस उगवला की काय करावे, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. उठल्याउठल्या वाकून, वळून ‘कुठपर्यंत दुखते’ याची परीक्षा घेऊ नका, कारण प्रत्येक परीक्षेतून मेंदूला तपासणी चालू आहे, म्हणजे धोका आहे, असाच निरोप जातो. हे जुनेच दुखणे आहे, ओळखीचे आहे, याने मला इजा होत नाही, असे स्वतःला आपल्याच बोलीत सांगा. पाठ केलेली वाक्ये फार दिवस टिकत नाहीत. पाच मिनिटे स्वस्थ बसून त्या कळेकडे, ती घालवण्याचा हट्ट न धरता, दारातून जाणाऱ्या मिरवणुकीकडे पाहावे तसे पाहता आले तर पाहा. न जमले तर सोडून द्या आणि चहा ठेवा. काम थोडे कमी करा, पण शून्यावर आणू नका. कपाटातला पट्टा बाहेर काढू नका. आणि पाण्याच्या आदल्या संध्याकाळी कंबर दुखू लागली की ‘उद्या पाणी आहे’ एवढेच मुलीशी हसून बोला. त्या दुखण्याचा पत्ता तुम्हाला सापडला आहे.

दोन गोष्टी मात्र या समजुतीत बसवू नका. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांमधील बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणे, दुखण्याबरोबर ताप किंवा कारण नसताना वजन घटणे, पडल्यानंतर सुरू झालेली तीव्र वेदना, पूर्वी कर्करोग होऊन गेलेल्या व्यक्तीला नव्याने सुरू झालेली पाठदुखी, यांपैकी काही दिसले तर तो चढउतार समजू नये. विशेषतः पहिल्या तीन लक्षणांत त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि चालू असलेल्या गोळ्या, खास करून झोपेच्या, नैराश्याच्या किंवा फिटच्या औषधांतल्या, बरे वाटते म्हणून एकाएकी बंद करू नयेत. ‘सगळे पाण्यात गेले’ ही भावना दोन-चार दिवसांपेक्षा अधिक टिकली, जगणेच नकोसे वाटू लागले, तर शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा निवृत्त गणित शिक्षक आहे. मान आणि उजवा खांदा अकरा वर्षे दुखतो. गेले सात महिने दिवसातून तीन वेळा वेदनेला शून्य ते दहा गुण देऊन आलेख काढत आहे. आतापर्यंत वाढीची २३ कारणे निश्चित केली असून त्यांत छताचा पंखा, उशी, वांगे, हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याचा प्रवास, ढगाळ हवा आणि शेवटी सुनेशी वाद ही आहेत. गुण पाचाच्या वर गेले की दीर्घ श्वसन करतो आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजतो. तरी आलेख वरखालीच आहे. नोंदीत काही त्रुटी राहते आहे काय?

उत्तर : नोंदीत त्रुटी नाही, नोंद हीच त्रुटी आहे. सुमारे दोनशे दिवस आणि २३ संशयित घेतले, तर कोणत्याही वाईट दिवशी त्यांतले चार-पाच घटनास्थळी हजर असणारच, हे तुम्हाला मी सांगायचे म्हणजे आगाऊपणा आहे. ज्या दिवशी वांगे खाल्ले आणि दुखले नाही, त्या दिवशी वांग्याची आठवणही झाली नसेल. अशा रीतीने यादी वाढत जाते, घर लहान होत जाते आणि पंख्याशिवाय सोलापूरचा मे काढण्याची वेळ येते.

दुसरे असे की वेदनेचे गुण हे तापमापकातले अंश नव्हेत. तापमापकाने पाहिल्यामुळे ताप वाढत नाही; वेदनेकडे मात्र ‘आता किती?’ असे विचारून पाहिले की ती मोठी होते. हे वाक्य वाचताना डाव्या पायाच्या अंगठ्याकडे लक्ष द्या; चपलेचा किंवा फरशीचा स्पर्श आता जाणवेल, तो मघापासून तिथेच होता. दिवसातून तीनदा खांद्याला हाक मारणारा माणूस खांद्याला विसरणार कधी? श्वसनाचेही तेच झाले आहे. गुण उतरवण्यासाठी केलेले श्वसन ही एक गोळी बनते, पंधरा मिनिटांनी तिचा निकाल लावला जातो आणि निकाल प्रतिकूल गेला तर निराशेचा ताण वर चढतो. दीर्घ श्वसन जरूर करा, पण खांदा बरा असेल त्या वेळीही करा आणि नंतर काही मोजू नका.

सात महिन्यांची वही एकदम बंद करा असे म्हणालो तर तुम्हाला चैन पडणार नाही, म्हणून तडजोड सुचवतो. आठवड्यातून एकदा, रविवारी, दोन ओळी लिहा आणि त्यांत आकडा नको : या आठवड्यात काय केले, आणि मागच्या महिन्यात जे जमत नव्हते त्यातले काय जमले. नातवाला कडेवर घेतले, माळ्यावरचा डबा काढला, रेल्वेत खिडकीशी बसून बाहेर पाहत गेलो, अशा प्रकारचे. तीन महिन्यांनी त्या ओळी वाचा. रोजच्या आलेखात जे दिसत नाही ते कदाचित दिसेल. आणि तुमच्या यादीत वांगे मध्येच कुठेतरी आणि सुनेशी झालेला वाद अगदी तळाशी आहे. माझ्या मते ही यादी खालून वर वाचावी. बोलता न आलेला राग, अपमान, काळजी हे खांद्याला वांग्यापेक्षा पुष्कळ जड जातात, आणि त्याबाबत मुलाशी किंवा समुपदेशकाशी शांतपणे बोलणे हा वेदनेवरच्या उपचाराचाच भाग आहे.

प्रश्न : ‘आज अगदी बरं वाटतंय’ असे मी तोंडाने म्हटले की दुसऱ्या दिवशी डोके आणि मान हटकून दुखते. सासूबाई म्हणतात दृष्ट लागते, आणि मीठ-मोहऱ्या ओवाळतात. आता मी चांगले दिवस कोणाला सांगतच नाही. हा योगायोग कसा?

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर वरचे गणिताचे शिक्षक माझ्यापेक्षा चांगले देतील. आपण ‘अगदी बरं वाटतंय’ असे कधी म्हणतो? नेहमीपेक्षा बरेच चांगले असते तेव्हा. असा अपवादात्मक चांगला दिवस गेला की त्यानंतरचा दिवस बहुधा नेहमीसारखाच असणार, म्हणजे आदल्या दिवसापेक्षा वाईट. तुम्ही बोललात काय किंवा गप्प राहिलात काय. इंग्लंडमधील फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आई-वडील आणि मुलांच्या उंचीच्या अभ्यासातून हेच दाखवले होते, की फार उंच आईबापांची मुले उंच असली तरी सरासरीने आईबापांइतकी उंच नसतात. त्यात कोणाची दृष्ट नव्हती. उलट बाजूही ध्यानात घ्या : अतिशय वाईट दिवशी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या की दुसऱ्या दिवशी बहुधा बरे वाटतेच, आणि त्याचे श्रेय मोहऱ्यांना जाते. सासूबाईंच्या मायेला नाही म्हणू नका, पण चांगला दिवस लपवूही नका. ज्या मेंदूला इतके दिवस फक्त वाईट बातम्या मिळाल्या, त्याला चांगली बातमी मोठ्याने ऐकू येणे आवश्यक आहे.

प्रश्न : वय ३४, घरचा यंत्रमागांचा व्यवसाय. पाठ आणि दोन्ही हात दुखतात. सगळे तपासून झाले, आता सुधारणाही आहे. चांगला दिवस उगवला की तुंबलेली सगळी कामे उरकतो. गोदामात चादरींचे गठ्ठे लावतो, वसुलीला हिंडतो, मोटारसायकलवर अक्कलकोटला जाऊन येतो. मग तीन दिवस आडवा. वडील म्हणतात, काम करू नकोस. मित्र म्हणतात, दुर्लक्ष कर आणि कर. कोणाचे ऐकू?

उत्तर : दोघांचेही नको. तुमची चूक आळसाची नाही, ती कर्जाची आहे : चांगल्या दिवशी पुढच्या तीन दिवसांचे श्रम उचल म्हणून घेता आणि मग व्याजासह फेडता. त्यातून मेंदू जो धडा शिकतो तो असा, की ‘काम केले म्हणजे दुखते’. वस्तुतः तुम्हाला शिकवायचे आहे ते नेमके उलट. आणि आणखी एक खोड या पद्धतीत आहे. तुम्ही काय करायचे, हे दुखणे ठरवते. दुखणे कमी तर धावायचे, जास्त तर झोपायचे. मालक दुखणे आहे, तुम्ही नाही.

तेव्हा एखादे काम घ्या, उदाहरणार्थ गठ्ठे लावणे. तीन साधारण दिवशी, फार चांगले नाहीत आणि फार वाईटही नाहीत अशा, फारसे न वाढता किती वेळ जमते ते बघा, त्याची सरासरी काढा आणि तिच्या ऐंशी टक्क्यांपासून सुरुवात करा. २५ मिनिटे निघाली तर २० मिनिटे. चांगल्या दिवशी २० मिनिटांनी थांबायचे. खरी कसोटी इथेच आहे, कारण हात शिवशिवत असतात आणि गठ्ठे समोर पडलेले असतात. वाईट दिवशीही, जमतील तेवढी, निदान दहा मिनिटे करायचीच. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवा, दुखण्याला न विचारता. अक्कलकोटचा चाळीसेक किलोमीटरचा रस्ता आहे. सध्या मोटारसायकलऐवजी एसटीने जाणे शक्य नसेल, तर मध्ये वळसंगला चहाला थांबा.

एक सूचना मात्र जपून ठेवा. हा हिशेब काही आठवड्यांपुरती आधाराची काठी आहे. गेल्या वर्षी एक गृहस्थ माझ्याकडे आले, ते दीड वर्ष घड्याळ लावूनच उठत-बसत होते. घड्याळ नसेल तर त्यांना घाम फुटत असे. त्यांचा पट्टा सुटला होता, पण घड्याळ हाच नवा पट्टा झाला होता. एखाद्या दिवशी लग्नघरी नाचलात, ठरल्यापेक्षा जास्त झाले आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखले, तर इजा झाली असे समजू नका. व्यायामाची सवय नसलेल्या कोणाही धडधाकट माणसाचे अंग तसेच दुखले असते.

प्रश्न : माझ्या पत्नीला (वय ३८) सहा वर्षांपासून अंगदुखी आहे. अलीकडे तिला बरेच बरे आहे. मी रोज सकाळी आणि कामावरून दुपारी फोन करून ‘आज कसं आहे?’ असे विचारतो, बादली उचलू देत नाही, वाईट दिवशी सुट्टी घेऊन घरी थांबतो. परवा ती चिडून म्हणाली, ‘तुम्ही विचारलं की दुखतं.’ माझे काय चुकते?

उत्तर : तुमचे मन चुकलेले नाही, वेळ चुकली आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फॉर्डायस यांनी दीर्घकाळच्या वेदनेवर काम करताना हे दाखवून दिले की भोवतालच्या माणसांचे लक्ष आणि मदत जर फक्त वेदना दिसते तेव्हाच मिळत राहिली, तर रुग्ण ढोंग करत नसतानाही वेदनेभोवतीचे वागणे त्यातून पक्के होत जाते. तुमचा फोन आला की तिला उत्तर देण्यासाठी अंग चाचपून पाहावे लागते, आणि वरच्या शिक्षकांच्या वहीसारखेच ते होते. शिवाय बादली हातातून काढून घेतली की ‘तुला झेपणार नाही’ हे न बोलता बोलले जाते.

दोघांनी एकदा बसून ठरवा की दुखण्याविषयी विचारायचे नाही. मदत हवी असेल तेव्हा ती स्वतः सांगेल आणि तुम्ही चर्चा न करता ती कराल. दुपारी फोन जरूर करा, पण भाजी काय आणू, लेकीची सहल ठरली का, हे विचारा. पहिले काही दिवस तुम्हालाच अस्वस्थ वाटेल आणि तिलाही कदाचित तुम्ही बदललात असे वाटेल, म्हणून हे आधी बोलून घेणे महत्त्वाचे. सुट्टी घ्यायचीच असेल तर ती चांगल्या दिवशी घ्या आणि दोघे सकाळी कंबर तलावाकडे फिरायला जा. वाईट दिवशी कामावर जा. जाताना ‘संध्याकाळी येतो’ एवढेच म्हणा. तुमच्या पत्रात तुमच्याविषयी एकही वाक्य नाही. सहा वर्षे ही जबाबदारी सांभाळणाऱ्या माणसाची झोप कशी आहे, हे पुढच्या पत्रात लिहा.